कुत्र्या-मांजरांची प्रतिजैविके : शिस्त उशिरा का आली?

प्राण्यांच्या प्रतिजैविकांना चौकट घालण्याचा एक मोठा सुरुवातीचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. जंतू औषधांना सरावून ती निकामी होऊ नयेत, म्हणून माणसांच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांचे वजन वाढवण्यासाठी खाद्यात मिसळू नयेत, असे १९६९ च्या स्वान समितीने सांगितले. वाढीसाठीचा असा वापर स्वीडनने १९८६ मध्ये थांबवला, युरोपीय संघाने २००६ मध्ये. या चर्चेत गाय, डुक्कर, कोंबडी होती. पाळीव कुत्र्या-मांजरांना लागणारे औषध टनांच्या हिशेबात नगण्य, म्हणून ती बाजूलाच राहिली.

ही चूक महागात पडली असे मला वाटते. गाय गोठ्यात राहते. कुत्रा अंथरुणात येतो, तोंड चाटतो. त्याला दिले जाणारे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट घरातल्या मुलालाही दिले जाते, आणि जंतू माणसाकडून प्राण्याकडे व प्राण्याकडून माणसाकडे जातात. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये बेला नावाची सॅमॉइड कुत्री एमआरएसएच्या, म्हणजे मेथिसिलिन व तत्सम प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूच्या, संसर्गाने गेली. हा जंतू तोवर माणसांच्या रुग्णालयांतला म्हणूनच लोकांना ठाऊक होता. तिची मालकीण जिल मॉस हिने बेलाच्या नावाने संस्था काढून हा विषय लोकांपुढे आणला. त्याच दशकात कुत्र्यांच्या त्वचेवर एरवी गुण्यागोविंदाने राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस या जंतूचे मेथिसिलिनला न जुमानणारे प्रकार युरोप-अमेरिकेत पसरले. त्वचेच्या आणि कानाच्या साध्या दुखण्यांवर नेहमीच्या गोळ्या निकामी ठरू लागल्या.

नेमके तेव्हाच, २००६ मध्ये, सेफोव्हेसिन हे प्रतिजैविक युरोपात आले. एका इंजेक्शनचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. गोळी थुंकून टाकणाऱ्या मांजरांच्या मालकांना हे वरदानच वाटले. पण ते तिसऱ्या पिढीचे सेफलोस्पोरिन, म्हणजे माणसांसाठी जपून ठेवायच्या गटातले. सोयीपोटी ते पहिल्याच भेटीत टोचले जाणे ही खरी चिंतेची बाब.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत आधी जागे झाले ते पशुवैद्यच. ब्रिटनच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यक संघटनेने २०११ मध्ये दवाखान्याच्या भिंतीवर लावायचे 'प्रोटेक्ट' हे पत्रक काढले: प्रत्येक दवाखान्याने औषधांचे स्वतःचे धोरण ठरवावे, शक्य तिथे नमुना तपासूनच औषध निवडावे, उगाच 'खबरदारी म्हणून' देऊ नये. पुढे 'प्रतिजैविक दिले नाही, कारण…' असा छापील कागदही आला. मला हा फार शहाणपणाचा वाटतो. मालक रिकाम्या हाताने परतायला नाखूश असतो. त्याच्या हाती निदान कारण तरी पडते. मूत्रमार्गाच्या संसर्गाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय सूचना २०१९ मध्ये सुधारल्या. साध्या संसर्गाला तीन ते पाच दिवसांचे औषध पुरे, आणि लक्षणे नसतील तर लघवीत केवळ जंतू दिसले म्हणून उपचार नको, असे त्यांत आहे.

कायदा मागून आला. युरोपीय संघाचा नवा नियम २८ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आजार होऊ नये म्हणून सरसकट प्रतिजैविके देणे त्याने बंद केले, आणि हा नियम पाळीव प्राण्यांनाही लागू आहे. भारताने जुलै २०१९ मध्ये प्राण्यांसाठीच्या कोलिस्टिनवर (माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले प्रतिजैविक) बंदी घातली, पण ती अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांपुरती आणि खाद्यातल्या वापरापुरती.