जैववैद्यकीय फॉस्फेट काच : पाण्यात विरघळण्याची क्रिया

फॉस्फरस पेंटॉक्साइड हा मुख्य घटक असलेली व शरीरातील द्रवांत हळूहळू विरघळणारी काच. खिडकीची सिलिकेट काच पाण्याला दाद देत नाही. फॉस्फेट काच दाद देते आणि वैद्यकात तिचे मोल त्यामुळेच आहे. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये शोधलेली ‘बायोग्लास’ हाडाशी घट्ट जुळते. पण ती सिलिकेट असल्याने तिच्या पृष्ठभागावर सिलिकायुक्त थर मागे राहतो. फॉस्फेट काच मात्र कॅल्शियम, सोडियम व फॉस्फेट हे शरीराच्या ओळखीचेच आयन सोडून पूर्ण नाहीशी होऊ शकते.

काचेतील प्रत्येक फॉस्फरस अणूभोवती चार ऑक्सिजन अणूंचा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) असतो. त्यांपैकी एक ऑक्सिजन द्विबंधाने अडकलेला असल्याने शेजाऱ्यांशी फार तर तीनच जोड होतात. पेंटॉक्साइडचे प्रमाण ५० मोल टक्के असेल, तर जोड दोनच उरतात व लांब साखळ्या बनतात (मेटाफॉस्फेट). प्रमाण त्याखाली गेले की साखळ्या आखूड होतात. टॉमस ग्रॅहम यांनी १८३३ च्या सुमारास अभ्यासलेले ‘ग्रॅहम लवण’ ही सोडियम मेटाफॉस्फेटाची काचच होय. तिची पूड दमट हवेत उघडी राहिली तरी चिकट होते.

काच विरघळताना साखळी आधी तुटते की आधी सुटते, हा जुना वादाचा मुद्दा आहे. बंकर, आर्नल्ड व वाइल्डर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या मतानुसार पाणी पृष्ठभागात मुरते, साखळ्यांना बांधून ठेवणारे आयनी दुवे सैल होतात आणि साखळ्या अखंडच द्रावात उतरतात. जलीय विच्छेदनाने (पाण्याशी होणाऱ्या विक्रियेने बंध तुटून) त्यांचे तुकडे होतात ते नंतर, द्रावात. द्रावातील साखळ्यांची लांबी मूळ काचेतल्यासारखीच आढळली, हा त्यांचा पुरावा वजनदार आहे. उदासीन पाण्यात फॉस्फरस–ऑक्सिजन–फॉस्फरस बंध फार सावकाश तुटतो, हेही या मताला पोषक ठरते. मात्र ५० टक्क्यांवरील काचांना ते जसेच्या तसे लावता येत नाही. तेथील शाखाबिंदू (तीन जोड असलेले फॉस्फरस) पाणी लागताच तुटतात.

मापनाची रीत साधी आहे. काचेची चकती ३७° से. तापमानाच्या पाण्यात ठेवतात, ठरावीक वेळाने काढून, पुसून, कोरडी करून तोलतात. वजनातील घट सुरुवातीला काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात व पुढे सरळ रेषेत वाढते. पहिला टप्पा सर्वच काचांत स्पष्ट दिसतो असे नाही. चकती आकसत जाते, म्हणून घट दर चौरस सेंमी.मागे मोजताना क्षेत्रफळाकडे लक्ष द्यावे लागते. पाणी बदलले नाही, तर सुटलेल्या आम्लधर्मी फॉस्फेटांमुळे सामू (पीएच) उतरू शकतो. आणि आम्लात काच अधिक वेगाने विरघळते. त्यामुळे स्थिर पाण्यातील व बदलत्या पाण्यातील आकडे शेजारी मांडून तुलना करणे योग्य नव्हे.

वेगाचा लगाम घटकांच्या हाती असतो. सोडियमऐवजी कॅल्शियम वाढवले की साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात व विरघळणे मंदावते. लोह व टायटॅनियम यांची ऑक्साइडे तर थोड्या प्रमाणातही मोठा फरक पाडतात, कारण त्यांचे फॉस्फेटाशी होणारे बंध पाण्यात अधिक टिकतात. म्हणून रचना बदलून आयुष्य तासांपासून वर्षांपर्यंत नेता येते.

हाडांच्या भरणीसाठी व ऊतिवाढीला आधार देणाऱ्या तंतूंसाठी अशा काचांवर संशोधन झाले आहे. जंतुनाशक म्हणून चांदी किंवा तांबे मिसळलेल्या काचाही आहेत. पशुवैद्यकात तांबे, कोबाल्ट व सेलेनियम असलेले काचेचे गोळे गुरामेंढ्यांना गिळवतात. ते जड असल्याने जाळीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाच्या एका कप्प्यात) बसून राहतात आणि काही महिने थोडेथोडे विरघळतात.