स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनात सहभागी व्हायचे असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि संमतीची प्रक्रिया

कर्करोगाचे संशोधन म्हटले की नव्या औषधाची चाचणी आणि सगळे उपाय थकलेला रुग्ण, एवढेच अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. स्तनाच्या कर्करोगात मात्र कित्येक प्रश्न औषधाचे नसतातच. गाठीबरोबर स्तनाचा किती भाग काढला म्हणजे पुरे? काखेतल्या ग्रंथी काढायच्या की सोडायच्या? ऑपरेशननंतर हाताला येणारी सूज कशी आवरायची? हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या (पुढे 'हार्मोनची गोळी') चालू असताना मूल हवे असेल तर काय करायचे? याची उत्तरे नुकतेच निदान झालेल्या किंवा उपचार संपवून घरी गेलेल्या व्यक्तींकडूनच मिळू शकतात. म्हणूनच अशा अभ्यासात सहभागी कसे व्हायचे, कोण पात्र ठरते आणि कोणते कागद लागतात, हे नीट माहीत असायला हवे.

आज गाठ काढून स्तन राखण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते, तीही अशाच सहभागामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी सर्जन हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असे सगळेच काढले जाई, आणि पुढे कित्येक दशके तोच शिरस्ता राहिला. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७६ पासून केलेल्या चाचण्यांत स्तन राखणे आणि स्तन काढणे या दोन्ही मार्गांची समोरासमोर तुलना झाली. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्तन राखून जगलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नव्हता. कोणत्या गटात जाणार हे माहीत नसताना ज्या स्त्रियांनी संमतीपत्रावर सही केली, त्यांचे ऋण पुढच्या प्रत्येक रुग्णावर आहे.

पात्रतेच्या अटी कशासाठी

अटींची लांबलचक यादी पाहून अनेकजण खचतात. आपल्याला नाकारण्यासाठीच ती केली आहे असे वाटते. खरे तर निष्कर्ष कोणाला लागू पडेल, त्याची हद्द या अटी आखतात. मिलानच्या चाचणीत २ सेंटिमीटरपर्यंतचीच गाठ चालत होती, फिशर यांच्या चाचणीत ४ सेंटिमीटरपर्यंतची.

याचे सर्वात बोलके उदाहरण झेड-००११ या नावाने ओळखली जाणारी चाचणी. स्तन राखणारी शस्त्रक्रिया झालेल्या आणि पहारेकरी ग्रंथींपैकी (गाठीतून कर्करोग काखेत पसरला तर आधी जिथे पोहोचतो त्या ग्रंथी) एक किंवा दोन ग्रंथींमध्येच कर्करोग आढळलेल्या स्त्रिया तिच्यात होत्या. एका गटाच्या काखेतल्या उरलेल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटाच्या काढल्या नाहीत. दहा वर्षांनंतर काख न उघडलेल्या गटात ८६.३ टक्के आणि उघडलेल्या गटात ८३.६ टक्के स्त्रिया हयात होत्या, म्हणजे काख न उघडल्याने काही बिघडले नाही. काखेतल्या मोठ्या शस्त्रक्रियेने हात सुजतो, खांदा आखडतो, म्हणून हा निष्कर्ष असंख्य स्त्रियांना दिलासा देणारा ठरला. पण स्तन पूर्ण काढलेल्या किंवा ऑपरेशनआधी केमो घेतलेल्या स्त्रिया या चाचणीत नव्हत्या. त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, त्यांच्यासाठी वेगळे अभ्यास करावे लागतात. चाचणीत १९०० स्त्रिया घ्यायच्या ठरल्या होत्या, ८९१ च मिळाल्या आणि भरती आधीच थांबवावी लागली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अटी साधारणपणे या गोष्टींभोवती फिरतात: वय, गाठीचा आकार आणि टप्पा, काखेतल्या ग्रंथींची स्थिती, ईआर, पीआर आणि हर-टू यांचे निष्कर्ष (गाठीच्या पेशींत हार्मोनचे ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन किती आहे ते सांगणाऱ्या तपासण्या), आधी घेतलेले उपचार, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचे काम, गर्भारपण, पूर्वीचा दुसरा कर्करोग. दैनंदिन कामे कितपत जमतात याला शून्यापासून गुण देतात. शून्य म्हणजे सगळे पूर्वीसारखे, १ म्हणजे जड काम सोडून बाकी सगळे जमते. बहुतेक अभ्यासांना शून्य किंवा १ हवा असतो, काहींना २ ही चालतो. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. काही अभ्यास त्यांना घेतात, काही घेत नाहीत, तेव्हा त्यांनीही चौकशी करावी.

उपचार संपलेल्यांसाठीच्या अभ्यासात अटी वेगळ्या वळणाच्या असतात. मूल होण्यासाठी हार्मोनची गोळी थांबवता येईल का, हे तपासणाऱ्या पॉझिटिव्ह चाचणीत वय ४२ पर्यंत आणि गोळ्या घेऊन १८ ते ३० महिने झालेले असणे आवश्यक होते. गोळी दोन वर्षांपर्यंत थांबवायची मुभा होती. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या काही वर्षांत तरी अशा विरामाने रोग परतण्याचे प्रमाण वाढले नाही. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये छापल्या गेलेल्या एका चाचणीत, देखरेखीखाली हळूहळू वजन उचलल्याने सूज वाढत नाही हे दिसले. त्याआधी अशा स्त्रियांना वजन उचलणे टाळा असे सांगितले जाई. निदान होऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियाही तिच्यात होत्या. तेव्हा 'माझे आता जुने झाले' असे स्वतःच ठरवून टाकू नका.

वेळ चुकवू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त संधी वेळेमुळे हुकतात. शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या अभ्यासात ऑपरेशनआधीच नाव नोंदवावे लागते. ऑपरेशन झाले की ते दार बंद. रेडिएशन किंवा ऑपरेशननंतरच्या औषधांच्या अभ्यासात ऑपरेशनपासून ठरावीक आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी लागते. म्हणून निदान हाती आल्यावर, ऑपरेशनची तारीख पक्की करण्याआधी सर्जनला थेट विचारा: 'माझ्यासाठी एखादा अभ्यास चालू आहे का?' असे विचारल्याने उपचार लांबत नाहीत आणि डॉक्टरांवर अविश्वासही दाखवला जात नाही.

कागदपत्रे

डिस्चार्ज कार्डावरच्या चार ओळी पुरत नाहीत. सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे ऑपरेशननंतरचा पूर्ण पॅथॉलॉजी रिपोर्ट. गाठीचा आकार, प्रकार, ग्रेड, कापलेल्या भागाच्या कडा कर्करोगापासून मोकळ्या आहेत की नाहीत, किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, हे सगळे त्यात असते. पहिल्या सुईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट वेगळा, तोही लागतो. ऑपरेशनआधी केमो झाली असेल तर मूळ रोगाची ओळख त्या जुन्या रिपोर्टातच उरते. हर-टू '२ प्लस', म्हणजे अनिश्चित, आले असेल तर पुढची फिश तपासणी (हर-टूचे जनुक मोजणारी) झाली का ते पाहा. ती नसेल तर नोंदणी अडते.

दुसरा कागद ऑपरेशन नोट, म्हणजे सर्जनने प्रत्यक्ष काय केले त्याची नोंद. हा सहसा रुग्णाला आपणहून दिला जात नाही, मागावा लागतो. वैद्यकीय नोंदी विभागाकडे लेखी अर्ज आणि ओळखपत्र देऊन त्याची प्रत मिळवता येते. केमोच्या बाबतीत औषधांच्या नावांसोबत प्रत्येक फेरीतली मात्रा लिहिलेली हवी, कारण हृदयावर परिणाम करू शकणाऱ्या डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाची आयुष्यभराची एकूण मात्रा हृदयावरच्या अभ्यासात मोजली जाते. रेडिएशनची एकूण मात्रा आणि किती भागांत दिली याचा सारांश, मॅमोग्राफी आणि स्कॅनच्या सीडी, सध्याच्या सगळ्या औषधांची यादी, वयाचा आणि ओळखीचा पुरावा, एवढे एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावून ठेवा. मूळ कागद हातचे सोडू नका, प्रती द्या.

पॅराफिन ब्लॉकबद्दल थोडे सविस्तर. तुमच्या गाठीचा जपून ठेवलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात पॅथॉलॉजी विभागाकडे असतो. अनेक अभ्यास तो किंवा त्यातून कापलेल्या स्लाइड मागतात. तो देताना नोंद करून पावती घ्या, परत कधी मिळणार ते विचारा, आणि पुढे उपचारासाठी तपासणी लागली तर पुरेसे ऊतक शिल्लक राहील ना, याची खात्री पॅथॉलॉजिस्टकडून करून घ्या. संपलेला ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

शोध ते नोंदणी

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून, आधी नोंदणी न केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष छापायचे नाहीत असे धोरण धरले. त्यामुळे चालू अभ्यास सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका शोधद्वारावर अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र पाहता येतात. तिथे अटी, केंद्रे, संपर्क आणि भरती चालू आहे की थांबली, हे लिहिलेले असते.

संपर्क केल्यावर अभ्यासाचा समन्वयक आधी फोनवर किंवा फाइल पाहून ढोबळ पात्रता तपासतो. मग माहितीपत्रक आणि संमतीपत्र, त्यानंतर अभ्यासापुरत्या तपासण्या, आणि शेवटी नोंदणी. हा क्रम महत्त्वाचा आहे. संमतीची सही होण्याआधी केवळ अभ्यासासाठीची कोणतीही तपासणी करता येत नाही. नेहमीच्या उपचारात झालेले रिपोर्ट चालतात, पण ते ठरावीक दिवसांतलेच असावे लागतात.

तुलनेचा अभ्यास असेल तर गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो, हल्ली संगणकावर. तुम्हाला किंवा डॉक्टरांना तो निवडता येत नाही. कर्करोगाच्या अशा अभ्यासात तुलनेच्या गटाला सिद्ध झालेला प्रचलित उपचार मिळणे अपेक्षित असते. माझ्या गटाला नेमके काय मिळणार, हे लेखी पाहा.

संमतीपत्र

जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने डॉक्टरांसाठी संशोधनातल्या संमतीची चौकट आखून दिली. २०२४ च्या सुधारणेत तर सहभागींचा उल्लेख जाणीवपूर्वक 'सहभागी' असाच केला आहे. कागद घरी न्या, तुमच्या भाषेत मागा, वेळ घ्या. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवले पाहिजे. सज्ञान आणि निर्णयक्षम व्यक्तीच्या वतीने नवऱ्याने किंवा मुलाने केलेली सही संमती ठरत नाही. घरच्यांचा सल्ला घ्या, पण सही तुमची.

सही करण्याआधी विचारा: नेहमीच्या उपचारापेक्षा किती फेऱ्या आणि तपासण्या जास्त? कोणता खर्च अभ्यास करणार, कोणता मी? अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? माझे नमुने आणि माहिती पुढच्या संशोधनात वापरणार का, आणि तेवढ्याला नाही म्हणता येईल का? उपचारानंतरच्या अभ्यासात प्रश्नावल्या बऱ्याच असतात. शरीराची प्रतिमा, झोप, लैंगिक आयुष्य, पुन्हा रोग होण्याची भीती, असे खाजगी प्रश्न त्यात येतात. एखादा नको वाटला तर सोडता येतो का, हे आधीच विचारून घ्या. सही केलेली एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. तिच्यावर प्रमुख संशोधकाचा आणि नीतिमत्ता समितीचा संपर्क असतो.

तपासणीत अपात्र ठरलात तर कारण लेखी मागा. रक्ताचा एखादा आकडा तात्पुरता बिघडला असेल तर काही अभ्यास पुन्हा तपासणीची संधी देतात, आणि एका अभ्यासातली अपात्रता दुसऱ्यात आड येईलच असे नाही. नेहमीचा उपचार तुम्हाला मिळतोच.

मध्येच बाहेर पडायचे असेल तर कारण न देताही पडता येते आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडता कामा नये. त्याचे दोन प्रकार असतात: अभ्यासातला उपचार थांबवायचा पण तब्येतीची माहिती देत राहायचे, किंवा संपर्कच पूर्ण थांबवायचा. आधी गोळा झालेली माहिती सहसा काढून टाकता येत नाही, न वापरलेले नमुने नष्ट करण्याची विनंती मात्र करता येते. यांपैकी काय हवे ते समन्वयकाला लेखी कळवा आणि पोच घ्या.