मेंदूतल्या अफूचा शोध आणि ॲबरडीनची प्रयोगशाळा

अफूने वेदना शमते आणि पोटही बांधले जाते. जुन्या वैद्यकाने हे दोन्ही गुण वापरले, एक दुखण्यावर आणि दुसरा जुलाबावर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. ते शरीरात नेमके कुठे बसते हे मात्र पुढची दीडशेहून अधिक वर्षे कुणाला सांगता येत नव्हते. उत्तर मेंदूत सापडले, पण तिथपर्यंतची वाट बऱ्याच अंशी आतड्यातून गेली. त्यामुळे या इतिहासाची सुरुवात हान्स कोस्टरलिट्झ यांच्यापासून करणे मला योग्य वाटते.

कोस्टरलिट्झ यांचा जन्म १९०३ चा, बर्लिनचा. नाझी राजवटीत ज्यू वंशाच्या डॉक्टरांना नोकरी करणे अशक्य होऊ लागले, तेव्हा १९३४ मध्ये ते स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला आले. इन्सुलिनच्या कामाबद्दल नोबेल मिळालेले जॉन मॅक्लाऊड तेव्हा तिथे होते. सुरुवातीची वर्षे शर्करेच्या चयापचयात गेली, मग आतड्याच्या मज्जातंतूंकडे लक्ष वळले.

त्यांचे मुख्य साधन अगदी साधे होते. गिनी पिगच्या लहान आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा आणि त्याला विजेचे हलके झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला मज्जातंतूंतून ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन बाहेर पडते आणि स्नायू आकुंचन पावतो. द्रावणात मॉर्फिन टाकले की आकुंचन मंदावते आणि नालोक्सोन हे मॉर्फिनविरोधी औषध टाकले की पूर्ववत होते. या पद्धतीचे खरे मोल पुढे कळले: अनेक अफूजन्य औषधांच्या बाबतीत, जे माणसाची वेदना जास्त शमवते तेच आतड्याच्या या तुकड्यालाही जास्त शांत करते, असा मेळ बसला. मेंदूला हात न लावता मेंदूवरच्या औषधाची ताकद मोजता येऊ लागली.

दुसरीकडे मेंदूवरही काम चालू होते. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी दाखवले की उंदराच्या मध्यमेंदूतल्या ठरावीक भागाला विजेने चेतवले, तर भूल न देताही त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करता येते. पुढे लॉस एंजेलिसमध्ये हुदा अकील आणि सहकाऱ्यांना आढळले की असे वेदनाशमन नालोक्सोनने काही प्रमाणात नाहीसे होते. म्हणजे वीज देताना मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखे काही तरी सोडत असावा. १९७३ मध्ये बाल्टिमोरला कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कला एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी मेंदूत मॉर्फिनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून काम करते त्या पेशींवरच्या जागा, असल्याचे स्वतंत्रपणे सिद्ध केले. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी मेंदूने अशी जागा राखून ठेवली असेल, हे पटण्यासारखे नव्हते. जागा होती, तर तिथे बसणारे शरीराचे स्वतःचे द्रव्यही असणार.

त्याच १९७३ मध्ये कोस्टरलिट्झ प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि सत्तराव्या वर्षी व्यसनकारक औषधांवरच्या एका नव्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. तिथे त्यांच्याबरोबर होते जॉन ह्यूज, तिशीतले. ह्यूज सकाळीच सायकलवरून कत्तलखान्यात जात आणि डुकरांचे मेंदू घेऊन येत. तिथल्या कामगारांना खूश ठेवायला व्हिस्की द्यावी लागे, असा किस्सा सांगितला जातो. मेंदू कुटून त्याचा अर्क काढायचा आणि गिनी पिगच्या आतड्यावर किंवा उंदराच्या शुक्रवाहिनीवर टाकून पाहायचा. मेंदूच्या अर्कात आकुंचन थांबवू शकणारी द्रव्ये बरीच असतात, त्यामुळे ते थांबले एवढ्याने काही सिद्ध होत नव्हते. नालोक्सोन टाकल्यावर ते परत सुरू झाले, तरच तो अर्क पुढच्या शुद्धीकरणासाठी घ्यायचा. प्रतिस्पर्धी गट द्रव्य रिसेप्टरला चिकटते का ते पाहत होते. ॲबरडीनला ते चिकटून काय करते तेही दिसत होते, आणि माझ्या मते शर्यतीतली त्यांची आघाडी इथेच होती.

रचना उलगडायला लंडनचे हॉवर्ड मॉरिस आणि त्यांचे वस्तुमान-वर्णपटतंत्र (रेणूच्या तुकड्यांचे वजन मोजून रचना ओळखण्याची पद्धत) कामी आले. डिसेंबर १९७५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला: द्रव्य एक नव्हते, दोन होते. दोन्ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या; दोन्ही पाच अमिनो आम्लांची, फक्त शेवटचे वेगळे. एकात मेथिओनीन, दुसऱ्यात ल्युसीन. त्यांना एन्केफॅलिन म्हटले गेले.

याच सुमारास मॉरिस यांनी एका व्याख्यानात पडद्यावर बीटा-लिपोट्रोपिन या पियूषिकेतल्या द्रव्याची अमिनो आम्लांची साखळी पाहिली आणि ६१ ते ६५ क्रमांकांवर त्यांना मेथिओनीनवाले एन्केफॅलिन जसेच्या तसे दिसले. हे लिपोट्रोपिन चोह हाओ ली यांनी दहाएक वर्षांपूर्वी मेंढीच्या पियूषिका ग्रंथीतून काढले होते, आणि त्याचे नेमके काम स्पष्ट झाले नव्हते. ली यांच्याकडे उंटाच्या पियूषिकेतून मिळालेला त्याचाच ३१ अमिनो आम्लांचा तुकडाही होता. १९७६ मध्ये तो अफूसारखा वागतो हे सिद्ध झाले. हेच बीटा-एंडॉर्फिन.

१९७८ चा लास्कर पुरस्कार, अमेरिकेतला वैद्यकीय संशोधनाचा मोठा सन्मान, ह्यूज, कोस्टरलिट्झ आणि स्नायडर यांना मिळाला. पर्ट यांना वगळले गेले, त्यांनी उघडपणे निषेध केला आणि वाद बरीच वर्षे चालला. या शोधाला नोबेल मात्र मिळालेच नाही. कोस्टरलिट्झ यांच्या घरात ते आले २०१६ मध्ये, मुलगा मायकल यांना, आणि तेही भौतिकशास्त्रात.

या सगळ्या धडपडीमागे, आणि तिला मिळणाऱ्या पैशामागे, एक मोठी आशा होती: शरीराच्याच द्रव्यापासून व्यसन न लावणारे वेदनाशामक बनवायचे. ती लवकरच मावळली. एन्केफॅलिन शरीरातल्या विकरांमुळे काही मिनिटांतच मोडते, आणि ही पेप्टाइडे सतत दिलेल्या उंदरांमध्ये मॉर्फिनसारखेच अवलंबित्व १९७६ मध्येच दिसले. १९७९ मध्ये ॲव्रम गोल्डस्टाइन यांच्या गटाने याच कुटुंबातले डायनॉर्फिन शोधले. ते अफूच्या रिसेप्टरांपैकी ज्या ‘कप्पा’ नावाच्या प्रकारावर काम करते, तो चेतवला गेल्यावर माणसाला सुख वाटण्याऐवजी अस्वस्थ, उदास वाटू शकते. म्हणून या सगळ्या कुटुंबाला सरसकट ‘आनंदाची रसायने’ म्हणणे चूक आहे.

धावण्याने येणाऱ्या धुंदीचे श्रेयही एंडॉर्फिनला फार घाईने दिले गेले. व्यायामानंतर ते रक्तात वाढते हे खरे, पण रक्तातून मेंदूत ते सहज शिरत नाही. २०१५ मध्ये चाकावर धावणाऱ्या उंदरांची भीती कमी होण्यामागे एंडॉर्फिनपेक्षा शरीरातल्या भांगसदृश द्रव्यांचा हात असल्याचे दिसले.