सेरामपूरची सनद, चर्चचे विद्यापीठ आणि मराठवाडा

जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या भागातल्या पाळकांशी शिक्षणाबद्दल बोलायला बसले की एक नाव हमखास निघते. शिक्षण पुण्याला किंवा जबलपूरला झालेले असते, पण बीडीची, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटीची पदवी अनेकदा सेरामपूरची असते. हे अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे; कोलकात्याच्या वर, हुगळीकाठचे गाव. चर्चने उभे केलेले विद्यापीठ चालते कसे, त्याची मालकी कोणाची, अभ्यासक्रम कोण ठरवतो आणि पदवी कोणाच्या अधिकाराने मिळते, हे समजून घ्यायला या गावाइतका जुना दाखला भारतात दुसरा नाही.

बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी 1793 साली बंगालात आले. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचाराने लोक बिथरतील आणि व्यापार बिघडेल, ही तिची भीती. सेरामपूर मात्र डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. त्यांच्याच पंथाचे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड 1799 मध्ये तिथे उतरले, 1800 च्या सुरुवातीला कॅरीही येऊन मिळाले. इंग्रज मिशनऱ्यांना इंग्रजांपासूनच आसरा हवा होता आणि तो डेन्मार्कच्या राजाने दिला. पुढे विद्यापीठाचा अधिकारही त्याच राजाकडून आला, त्याचे मूळ या आसऱ्यात आहे.

मराठी वाचकाचे कॅरींशी वेगळेही नाते आहे. ते कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये छापून निघाला. या कामात वैजनाथ पंडितांचा हात होता. मराठी छपाईचा आरंभ सांगताना आपण मुंबईच्या ‘दर्पण’पाशी थांबतो. हुगळीकाठी एका मराठी पंडिताने घेतलेले कष्ट आपल्या शालेय पुस्तकांत यायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

सेरामपूर कॉलेज 1818 साली स्थापन झाले, म्हणजे इकडे पेशवाई संपली त्याच वर्षी. पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान दोन्ही शिकवायचे आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही घ्यायचे, असे पहिल्याच पत्रकात म्हटले होते. पुढे मार्शमन कोपनहेगनला गेले आणि 23 फेब्रुवारी 1827 रोजी राजा सहावा फ्रेडरिक याची सनद मिळाली. तिने कॉलेजला कायम टिकणारे मंडळ म्हणजे कौन्सिल दिले, मालमत्ता धारण करण्याचा हक्क दिला आणि विद्यापीठासारख्या पदव्या देण्याचा अधिकार दिला. कौन्सिलचे पहिले सभासद तिघे: कॅरी, मार्शमन आणि मार्शमन यांचा मुलगा जॉन क्लार्क. वॉर्ड 1823 मध्येच वारले होते. 1833 च्या नियमावलीत जात, रंग किंवा देश यांमुळे कोणालाही प्रवेश नाकारला जाणार नाही, असे कलम घातले गेले. गावच्या शाळेत अस्पृश्यांची मुले दाराबाहेर बसवली जात, तो हा काळ.

एवढा अधिकार हातात असून पुढची 88 वर्षे एकही पदवी दिली गेली नाही. एक कारण पैशाचे. सनदेच्याच वर्षी सेरामपूरची मंडळी इंग्लंडमधल्या आपल्या मूळ बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीपासून वेगळी झाली होती. 1830 पासून कोलकात्याच्या मोठ्या पेढ्या बुडाल्या आणि मिशनचा पैसाही त्यांत गेला. कॅरी 1834 मध्ये आणि मार्शमन 1837 मध्ये वारले. 1845 साली डेन्मार्कने सेरामपूर इंग्रजांना विकले. सनदेचे हक्क कायम राहतील अशी तरतूद विक्रीच्या तहात होती, म्हणून कागद शाबूत राहिला. पण 1857 मध्ये कलकत्ता विद्यापीठ निघाल्यावर सरकारी नोकरीला चालणारी पदवी तिथून मिळू लागली. सेरामपूरने त्याच विद्यापीठाशी संलग्नता घेतली आणि 1883 नंतर ते काही काळ ख्रिस्ती सेवक घडवण्यापुरतेच उरले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी जुनी सनद पुन्हा बाहेर काढली. त्यांना दिसले ते असे: सरकारी विद्यापीठे धर्मशास्त्राची पदवी देत नाहीत, प्रत्येक पंथाची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी संस्था, आपापले प्रमाणपत्र देते आणि ते दुसऱ्या पंथात कोणी मानत नाही. सेरामपूरकडे अधिकार होता, पण कौन्सिल एका पंथाच्या हातात राहिली तर इतरांनी त्यावर विश्वास का ठेवावा? 1910 मध्ये वरच्या वर्गांचे धर्मशास्त्र सुरू झाले आणि 1915 मध्ये सनदेखालची पहिली बीडी दिली गेली. त्यानंतर 1918 चा सेरामपूर कॉलेज कायदा बंगालच्या विधिमंडळाने केला. या कायद्याने कौन्सिल वाढवली, तिच्यात इतर पंथांना जागा दिली आणि सिनेट निर्माण केली.

माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटणी आहे. सनद आणि मालमत्ता कौन्सिलकडे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि संलग्न सेमिनरींची तपासणी सिनेटकडे. सिनेटच्या शिफारशीवर पदवी देते कौन्सिल. रोज शिकवणारे प्राध्यापक यांहून निराळे. पैसा देणाऱ्याने उत्तरपत्रिका तपासू नये, हे तत्त्व इथे कायद्यात उतरले. कॉलेजच्या कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखा मात्र आजही कलकत्ता विद्यापीठाच्या पदव्यांसाठी शिकवतात. एकाच आवारात एक विभाग दुसऱ्या विद्यापीठाखाली आणि दुसरा स्वतःच्या सनदेखाली, अशी रचना क्वचितच आढळते.

आता मराठवाड्याकडे. इथे मिशन आले ते निजामी राज्यात. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री हे मुंबईत शिकलेले, जन्माने ब्राह्मण असलेले धर्मांतरित. त्यांनी जालन्यात काम उभे केले आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाची वसाहत वसवली. मांग आणि महार कुटुंबे तिथे राहायला आली. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नौरोजी हे पारशी धर्मांतरित काम करत होते. म्हणजे इथल्या मिशनचे दोन मोठे कर्ते एतद्देशीयच होते. शाळा झाल्या, दवाखाना झाला. महाविद्यालय झाले नाही. त्याच फ्री चर्चचे मुंबईत विल्सन कॉलेज होते आणि ते मुंबई विद्यापीठाखाली गेले. निजामी मुलखात मात्र 1918 पर्यंत विद्यापीठच नव्हते आणि त्या वर्षी हैदराबादला उस्मानिया निघाले ते उर्दू माध्यमाचे. बेथेलमधल्या मराठी बोलणाऱ्या मुलाला दोन्हीकडे वाट अवघड होती.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाचे दार सगळ्यांसाठी रुंद केले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, 1950 साली औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयातून. तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झाले, त्याचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले. ही विद्यापीठे राज्याच्या कायद्याची, म्हणून इथल्या ख्रिस्ती तरुणाचे बीए-बीएस्सी तिथे होते आणि धर्मशास्त्रासाठी तो बाहेर पडतो. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पर्यंत यवतमाळला होती, तेव्हा नांदेड-हिंगोलीकडच्यांना ती जवळची होती. ती आणि जबलपूरचे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज, दोन्ही सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न.

अलीकडे चर्चच्या विद्यापीठांची दुसरी वाट रुळली आहे. मेघालयच्या कायद्याने 2005 मध्ये मार्टिन ल्यूथर ख्रिश्चन विद्यापीठ झाले. 1910 ची अलाहाबाद कृषी संस्था आधी अभिमत आणि मग उत्तर प्रदेशच्या कायद्याने सॅम हिगिनबॉटम विद्यापीठ झाली. पुण्याच्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या स्पायसर कॉलेजला महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा खासगी विद्यापीठांत प्रायोजक संस्था आणि तिने नेमलेले नियामक मंडळ यांचे वजन मोठे असते. प्रवेश घेणाऱ्याने इमारतीआधी त्या विद्यापीठाचा कायदा वाचावा: कुलपती कोण नेमतो, विद्यापरिषदेत प्रायोजकांची माणसे किती आणि परीक्षेचा निकाल कोणाच्या सहीने लागतो. सेरामपूरला याची उत्तरे ठरवायला 1827 पासून 1918 पर्यंतचा काळ गेला.