खंगणं: ‘वय झालं’ पासून ताटापर्यंत

‘आजोबा खंगत चाललेत’ असं आपण म्हणतो आणि लगेच ‘वय झालं, चालायचंच’ असंही म्हणतो. बांगड्या कोपराकडे सरकतात, सदरा खांद्यावरून उतरतो, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. वैद्यकशास्त्रही बराच काळ याला वयाचा भाग समजून पुढे जात होतं.

वयाबरोबर अंगावरचं मांस झडतं, त्याला धड नावही नव्हतं. 1988 मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीतल्या एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग यांनी नेमकं यावर बोट ठेवलं आणि ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. अर्थ साधा आहे, मांसाची तूट. 2001 मध्ये लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी दुर्बलतेच्या, म्हणजे ‘फ्रेल्टी’च्या, पाच खुणा ठरवल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल झालेली हाताची पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा अधिक खुणा असल्या की माणूस दुर्बल. एक-दोन असल्या की उंबरठ्यावर. खंगणं आता मोजता येऊ लागलं.

मग खायला घातलं की भागेल का? याचं उत्तर 1994 मध्येच मिळालं होतं. बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासातल्या 100 जणांवर, सरासरी वय 87, मारिया फियातारोने यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग केला. वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. नुसतं पोषणाचं पूरक पेय घेणाऱ्यांची वाढली नाही. प्रथिनांच्या डब्यांवर भरवसा ठेवणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण ताट गौण ठरत नाही. प्रौढांसाठी रोज किलोमागे 0.8 ग्रॅम प्रथिनं हा आकडा मुख्यतः तरुणांवरच्या अभ्यासांतून आला होता. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढीच प्रथिनं मिळाली तरी ते त्यातून कमी मांस घडवतात. म्हणून 2013 मध्ये तज्ज्ञांच्या ‘प्रॉट-एज’ गटाने 65 वर्षांपुढच्यांसाठी 1 ते 1.2 ग्रॅम सुचवले; मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना मात्र त्यातून वगळलं. 60 किलोच्या माणसाला म्हणजे रोज 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात सहा-एक ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. आमच्या आजीचं शेवटच्या वर्षांतलं खाणं म्हणजे सकाळी चहा-खारी, रात्री वाटीभर दूधभात. आम्ही त्याला ‘हलका आहार’ म्हणायचो आणि त्यातच तिचं भलं आहे असं मनापासून मानायचो.

हा गैरसमज मोडायचं काम सगळ्यात नेटाने जपानने केलं. तिथे 2008 पासून 40 ते 74 वयाच्या लोकांच्या कमरेचा घेर मोजायला सुरुवात झाली. वजन आटोक्यात ठेवा, हा संदेश घरोघरी गेला. तोच धडा सत्तरी-ऐंशीतली माणसंही गिरवू लागली, तर ती आणखी सुकणार. 2014 मध्ये जपानी वृद्धवैद्यक संस्थेने ‘फ्रेल्टी’वरून घेतलेला ‘फुरेइरु’ हा शब्द मुद्दाम पुढे आणला. दुर्बलतेसाठीच्या जुन्या जपानी शब्दात परतीची वाट नव्हती. नव्या शब्दात, वेळेवर लक्ष दिलं तर माणूस सावरतो, हे सांगायचं होतं. 2020 च्या तिथल्या आहारमानकांत दुर्बलता टाळणं हे उद्दिष्ट आलं, आणि त्याच वर्षापासून 75 वर्षांपुढच्यांच्या तपासणीत खाणं, चावणं, चालणं आणि लोकांत मिसळणं यांवरचे प्रश्न विचारले जाऊ लागले. चावण्याचा प्रश्न तर त्यांनी 1989 मध्येच हाती घेतला होता: ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत, ही ती मोहीम. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, उसळ हे सगळं ताटातून आपोआप उतरतं, हे आपल्याकडेही घरोघरी दिसतं.

टोकियोजवळच्या काशिवा शहरात कात्सुया ईजिमा यांच्या गटाने दोन हजारांवर ज्येष्ठांचा अभ्यास केला. त्यातून एक सोपी चाचणी पुढे आली. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करायचं आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती धरायचं. कडं सैल राहिलं तर स्नायू घटल्याची शक्यता जास्त. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: घरात माणसं असूनही एकट्याने जेवणाऱ्या ज्येष्ठांमध्ये उदासपणाची लक्षणं जास्त होती. ‘बाबांना लवकर लागतं’ म्हणून सातला त्यांचं ताट वेगळं वाढणारी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत.