आयर्लंडमधली कॅथलिक श्रद्धा आणि बदलती नीतिमूल्यं

आयर्लंड हा एकेकाळी युरोपातल्या सगळ्यात पक्क्या कॅथलिक देशांपैकी एक, आणि आज तिथे चर्चच्या शिकवणीच्या उलट जाणारे कायदे लोक स्वतः मतदान करून आणतात. एवढा मोठा बदल साधारण एका पिढीत झाला. लोकांचा देवावरचा विश्वास उडाला म्हणून हे झालं असं सरसकट म्हटलं जातं, पण ते अर्धवट आहे. दया करा, खरं बोला, दुबळ्याला सांभाळा हे चर्चनेच शिकवलं होतं आणि त्याच मापाने लोकांनी चर्चला मोजलं.

चर्चची पकड एवढी घट्ट का होती ते आधी बघायला हवं. ब्रिटिशांच्या राज्यात कॅथलिकांना जमीन, शिक्षण, सरकारी पदं सगळ्यात आडकाठी होती, त्यामुळे धर्म आणि देशप्रेम एकच होऊन बसलं. १८२९ साली आयरिश कॅथलिक नेता डॅनियल ओ'कॉनेलच्या चळवळीमुळे कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसता यायला लागलं. १९२२ ला स्वतंत्र राज्य आलं तेव्हा बहुतेक शाळा, बरीच हॉस्पिटलं, अनाथाश्रम चर्चच चालवत होतं आणि नव्या सरकारने ते तसंच राहू दिलं. १९३७ च्या राज्यघटनेत तर कॅथलिक चर्चला विशेष स्थान मिळालं आणि घटस्फोटावर बंदी आली. विशेष स्थानाचं कलम १९७२ च्या जनमताने काढलं, तरी वजन काही कमी झालं नाही, १९७९ ला पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये मिस्साला (चर्चच्या सामूहिक उपासनेला) दहा लाखांवर लोक जमले, म्हणजे देशातला साधारण दर तिसरा माणूस!

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. पोपच्या त्याच दौऱ्यात गॉलवेला त्यांचं स्वागत करणाऱ्या बिशप एमन केसींना एक मुलगा आहे हे १९९२ ला कळलं, पण पुढे जे आलं त्यापुढे ते काहीच नाही. २००९ च्या रायन अहवालात चर्चच्या संस्थांमधल्या मुलांना झालेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार नोंदले गेले, त्याच वर्षीच्या मर्फी अहवालात डब्लिनच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी असली प्रकरणं कशी दाबली ते आलं. नन चालवत त्या मॅग्डलीन लाँड्रीत, म्हणजे धोबीखान्यांत, लग्नाआधी आई झालेल्या किंवा 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायका-मुलींकडून बिनपगारी कपडे धुवून घेत, शेवटची लाँड्री १९९६ ला बंद झाली आणि २०१३ ला पंतप्रधान एंडा केनींनी संसदेत माफी मागितली. ट्यूम गावात कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी तिथल्या, नन चालवत असलेल्या, लग्नाआधी आई झालेल्यांसाठीच्या माता-बाल गृहात वारलेल्या ७९६ मुलांचे मृत्यूचे दाखले पदरचे पैसे भरून एकेक करून मिळवले, आणि ही मुलं पुरली कुठे याचा रेकॉर्डच नव्हता. ज्या संस्थेने लोकांना पापाची भीती घातली तिच्याच छपराखाली हे झालं, हे वाचताना आजही राग येतो.

मतपेटीतही हे दिसतं. घटस्फोटाला १९८६ ला नकार, १९९५ ला अगदी निसटता होकार. २०१५ ला समलिंगी विवाहाला ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं, तेव्हा डब्लिनचे आर्चबिशप डर्मिड मार्टिन स्वतःच म्हणाले की चर्चने वास्तव तपासून बघायला हवं. गर्भपातबंदी १९८३ ला जवळपास ६७ टक्क्यांनी घटनेत घातली होती, ती २०१८ ला ६६ टक्क्यांनी काढली, आणि मधे आहे सविता हलप्पनवार. बेळगावची ३१ वर्षांची डेंटिस्ट, १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ टिकणार नाही हे कळलेलं, तरी गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेत ती सेप्सिसने गेली. हा कॅथलिक देश आहे असं आपण तिला सांगितल्याचं एका नर्सने नंतरच्या चौकशीत मान्य केलं. २०१८ च्या मतदानाआधी बेळगावहून तिच्या वडिलांनी आयरिश लोकांना 'हो' म्हणा अशी विनंती केली होती.

एवढं होऊनही श्रद्धा संपलेली नाही. २०२२ च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक लिहिलं (२०११ ला ८४ होते), कुठलाच धर्म नाही म्हणणारे १४ टक्के. रोज संध्याकाळी सहाला सरकारी टीव्हीवर अँजेलस या कॅथलिक प्रार्थनेच्या १८ घंटा वाजतात आणि बातम्या सहा वाजून एक मिनिटाने सुरू होतात. बहुतेक प्राथमिक शाळा अजून चर्चकडेच आहेत, तिथे सात-आठ वर्षांच्या मुलांची पहिल्या कम्युनियनची (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या विधीची) तयारी होते, भले आईबाप रविवारी मिस्साला जात नसोत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ट्रोकरा या १९७३ च्या कॅथलिक संस्थेचा पुठ्ठ्याचा डबा घराघरात असतो, त्यातली चिल्लर गरीब देशांत मदत म्हणून जाते. बेघरांसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट या कॅथलिक संघातले फादर पीटर मॅकव्हेरी यांना चर्चवर चिडलेले लोकही मानतात, माझ्या मते मूल्यं कुठे शिल्लक आहेत ते इथे जास्त कळतं, मिस्साच्या हजेरीत तेवढं नाही.

आणि दरवेळी कौल एकाच बाजूला जातो असंही नाही. मार्च २०२४ ला कुटुंबाची व्याख्या लग्नापलीकडे नेण्याचा आणि बाईच्या घरातल्या जीवनाचा देशाला आधार आहे हे जुनं वाक्य काढून तिथे कुटुंबातल्या देखभालीबद्दलचं कलम घालण्याचा असे दोन प्रस्ताव लोकांपुढे आले, दोन्ही मोठ्या फरकाने पडले. त्यात धर्मापेक्षा नव्या शब्दांचा संदिग्धपणा आणि अपंगांच्या देखभालीची काळजी याचा वाटा जास्त होता, पण १९३७ चा तो मजकूर घटनेत आजही तसाच आहे.