मेनेस (काडेपेट्यांचे शिकणारे यंत्र)

फुली-गोळा खेळता खेळता शिकणारे, ३०४ रिकाम्या काडेपेट्यांचे यंत्र. कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य संशोधक डोनाल्ड मिची (१९२३–२००७) यांनी ते १९६१ च्या सुमारास तयार केले. रंगूनमध्ये जन्मलेल्या मिचींनी दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम केले. तिथेच संगणकशास्त्राचे प्रणेते अॅलन ट्युरिंग यांच्याशी बुद्धिबळाच्या पटावर त्यांची मैत्री जुळली. पुढे संगणक हाताशी नसल्याने त्यांनी काडेपेट्यांवर प्रयोग केला.

यंत्र गोळा घेते आणि पहिली चाल त्याचीच असते. पट फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या दिसणाऱ्या स्थिती एकच धरल्या, की त्याच्या पहिल्या चार चालींसाठी अनुक्रमे १, १२, १०८ आणि १८३ पेट्या लागतात. शेवटच्या चालीला एकच घर उरते, म्हणून तिला पेटी नाही. प्रत्येक पेटीवर पटाची स्थिती काढतात आणि खणात, खेळता येईल अशा प्रत्येक घराच्या रंगाचे मणी टाकतात: पहिल्या चालीला ४, मग ३, २ आणि १. पहिल्या पेटीत कोपरा, कडेचे मधले घर आणि केंद्र मिळून १२ मणी होतात. खणाच्या पुढच्या टोकाला पुठ्ठ्याची निमुळती खाच असते. पेटी हलवून तिरकी केली की त्या खाचेत जो मणी अडकेल तीच चाल. खेळून झालेला खण डाव संपेपर्यंत उघडा ठेवतात.

डाव जिंकला तर वापरलेला मणी परत टाकून त्याच रंगाचे आणखी ३ टाकायचे, बरोबरीत सुटला तर १, आणि हरला तर तो मणी काढून घ्यायचा. शिकणे ते एवढेच. हरलेल्या वाटेवरचे मणी कमी होतात, तशी ती चाल पुन्हा निघण्याची शक्यताही घटते.

नागपुरातल्या एखाद्या वर्गाला हे सहज जमेल. दहा काडेपेट्यांचे ३१ पुडे घेतले की ६ पेट्या उरतात. ३८ मुलांत प्रत्येकाला बरोबर ८ पेट्या येतात. मणी मात्र इतवारीत एकाच मापाचे, नऊ रंगांत निवडून घ्यावेत. जाड मणी खाचेत नीट बसत नाही आणि एखाद्या रंगाला नकळत झुकते माप मिळते.

खरी चूक पट फिरवताना होते: पेटीवरची स्थिती नव्वद अंशांनी वळलेली असली आणि चाल न वळवता मांडली, तर भलत्याच चालीला बक्षीस किंवा शिक्षा मिळते. म्हणून एकाने पेटी शोधावी आणि दुसऱ्याने ती पटाशी ताडून पाहावी. दुसरा धोका म्हणजे पेटी रिकामी होणे. शेवटच्या टप्प्यात ते चालते; यंत्राने डाव सोडला असे धरतात. पण पहिली पेटी सलग बारा हारींनी संपते आणि यंत्र बंद पडते. समोर तरबेज खेळाडू बसणार असेल तर सुरुवातीचे मणी दुप्पट करावेत. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात पेट्या मांडू नयेत. पुठ्ठा दमट होऊन फुगतो आणि खण अडकतो.

मिचींनी स्वतः २२० डाव खेळून पाहिले. हीच कल्पना पुढे त्यांनी आर. ए. चेंबर्स यांच्यासह संगणकावर, गाडीवर उभी काठी तोलण्याच्या प्रश्नाला लावली.